विमानांचा बैलबाजार

गवई सर कशावरही बसण्याआधी त्या वस्तूला एक फेरी मारून बघत. खुर्ची असो, सायकल असो, नाहीतर एसटी. सायकलचं तर रोजचंच. शाळा सुटली की आम्ही बाकीचे मास्तर टांग टाकून मोकळे व्हायचो, आणि हे गृहस्थ सायकलच्या डाव्या अंगानं निघून उजव्या अंगानं परत येणार, टायर दाबणार, ब्रेक ओढणार, चेन बोटानं उचलून बघणार आणि मगच पॅडलवर पाय ठेवणार. एकदा मी वैतागून म्हटलं, अहो, सकाळी हिच्यावरच बसून आलात ना? तर मिशीवर हात फिरवत म्हणाले, सकाळची तपासणी सकाळच्या उड्डाणाची. घरी बायको चहा टाकून बसलेली असायची, म्हणून मी निघून जायचो.

एसटीचा प्रकार याहून वाईट. वाशीमला कामासाठी निघालो की गाडी भरलेली, कंडक्टर घंटी मारून मारून थकलेला, आणि आमचे सर बाहेर वाकून चाकाच्या नटांना हात लावत फिरतायत. ड्रायव्हर आत बसून त्यांच्या खानदानाचा उद्धार करायचा. सर शांतपणे चढायचे आणि त्यालाच सांगायचे, चला, हरकत नाही. इतक्या वर्षांत त्यांना एकही नट ढिला सापडल्याचं मला आठवत नाही. तपासणी मात्र कधी चुकली नाही.

हे सत्तरच्या दशकातलं. अनसिंग तेव्हाही वाशीम तालुक्यातलं मोठं गाव, जिल्हा मात्र अकोला. मी तिथल्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. ड्रॉइंग मास्तरला एरवी कुत्रं विचारत नाही, पण पडदा रंगवायचा असला, पाटी लिहायची असली की साऱ्यांना तो आठवतो. गवई सर आमच्याकडे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक म्हणून आले. त्याआधी हवाई दलात होते. विमानं दुरुस्त करायचे, सार्जंट होऊन निवृत्त झाले. मूळचे अनसिंगच्याच भीमनगरातले. त्यांचे वडील शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब यांच्या घरी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी होते. आयुष्यभर त्यांच्याच बैलांमागं चालले आणि तसेच गेले. राहिली आई. गवई सर परत आले ते तिच्यासाठी. तिला नागपूरला नेऊन बघितलं होतं, तर आठ दिवसांत म्हातारीनं बोचकं बांधलं. म्हणाली, मले माह्या नगरात मरू दे. झालं. सरांनी शाळेत अर्ज केला आणि त्यांना नोकरी मिळाली, पण तात्पुरती. कायम करायचं की नाही ते संस्था ठरवणार होती, आणि संस्था म्हणजे भाऊसाहेब.

आता कोणी म्हणेल, असा माणूस खाली मान घालून राहत असेल. छे. गवई सरांच्या अंगात नम्रता औषधालाही नव्हती. बुटात तोंड दिसावं असं पॉलिश, पँटीला कडक इस्त्री, मिशा वर. बोलण्यात निम्मी हिंदी, आणि प्रत्येक गोष्टीत मुख्य पात्र ते स्वतः. त्यांच्या सांगण्यावरून एकाहत्तरची लढाई जवळजवळ त्यांनीच जिंकली होती, वैमानिक नुसते सोबत होते. मी एकदा तसं म्हटलंही. त्यांना राग आला नाही. म्हणाले, पायलट उडवते, पण वापस कोण आणते? फिटर आणते.

विमान हा त्यांचा एकच विषय. त्या काळात दिल्लीत नवं लढाऊ विमान घ्यायचं चाललं होतं. दूरवर शत्रूच्या मुलखात आत घुसून मारा करेल असं. फ्रान्सचं मिराज, स्वीडनचं विगेन, इंग्लंड-फ्रान्सचं जग्वार अशी नावं पेपरात येत. आम्ही ती बातमी ओलांडून भुईमुगाचे भाव बघायचो. गवई सर ती बातमी कापून खिशात ठेवायचे आणि बाजाराच्या दिवशी सोपान माळ्याच्या दुकानापुढं उभे राहायचे. सोपानचा मळा गावाला लागून होता, त्याचा भाजीपाला वाशीमपर्यंत जायचा. सर त्याच्या ढिगातलं एकेक उचलून विमानं समजावायचे. मुळा म्हणजे रशियाचं मिग, सरळ आणि टोकदार. हिरवी मिरची म्हणजे नॅट, एवढंसं, पण पाकिस्तानला झोंबलं. माणसं जमायची, गिऱ्हाईक मागंच राहायचं. शेवटी सोपान हात जोडून म्हणायचा, सर, विमान उडून झालं असन तं माहा मुळा खाली ठेवा.

पण सोपानलाही गोडी लागली होती. एकदा त्यानंच विचारलं की बाहेरून घेताच काहून, आपण आपलं पेरत काहून नाही? सर एकदम गंभीर झाले. म्हणाले, पेरलं होतं. मरुत नावाचं विमान आपल्या कारखान्यात बनलं, अंगानं उत्तम, पण त्याच्या तोलाचं इंजिन जगात कोणी आपल्याला दिलं नाही. सोपानला ते बरोब्बर कळलं. म्हणाला, म्हंजे वाफा केला, रोप लावलं, अन् पाणी दुसऱ्याच्या विहिरीत. सरांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो टोपलीवर पडता पडता राहिला.

तेव्हापासून सरांचं एक पालुपद झालं. "इंजिन कोणाचं?" गावात कोणी नवी मोटार-पंप आणली, इंजिन कोणाचं? कोणी पुढारी सभेत जोरात बोलायला लागला, सर शेजाऱ्याच्या कानात, इंजिन कोणाचं? पासष्टच्या लढाईची एक आठवण ते सांगत, ती मात्र फुशारकीची नव्हती. दोस्त म्हणवणाऱ्या देशांनी ऐन वेळी माल पाठवायचा बंद केला, आणि एका भागावाचून एक धडधाकट विमान जमिनीवर उभं राहिलं. सर त्याच्या पंखाखाली बसून होते. वरून दुसरी विमानं जात होती, आणि हे उभं. विमान विकत घेणं म्हणजे सोयरीक आहे, म्हणायचे, लग्न एका दिवसाचं, पण सासर जन्मभराचं. पोरगी दिल्यावर मग मानपान, मग अडवणूक. आधी घर बघा, घराचा कारभार कोणाच्या हातात हे बघा. चेहरा मग बघा.

या पालुपदानंच घात केला. एकदा स्टाफरूममध्ये हेडमास्तर नवा नियम समजावून सांगत होते. भले गृहस्थ, पण भाऊसाहेबांना विचारल्याशिवाय खडूचा डबाही फोडणार नाहीत असे. मागून गवई सरांचा आवाज आला. "इंजिन कोणाचं?" सगळे हसले. मीही हसलो. पण ते हसू संध्याकाळपर्यंत भाऊसाहेबांच्या ओसरीवर पोचलं होतं.

भाऊसाहेब म्हणजे चार गावांत वजन असलेला माणूस. उंच, सावळा, खांद्यावर कायम मोठा रुमाल. बैलांची पारख त्यांच्याइतकी तालुक्यात कोणाला नव्हती. ते नुसते बाजारात शिरले की व्यापारी भाव सावरून बसत. त्यांनी हेडमास्तरांना बोलावून सांगितलं की गवई मास्तर खेळाच्या तासाला विमानं शिकवून राह्यला अशी तक्रार आहे. यंदाच्या गॅदरिंगला त्याचं काम बघू. लेझीम, मनोरे जे काय असेल ते नीट झालं तर विचार करू, नाहीतर माझ्या मेव्हण्याचा मुलगा ट्रेनिंग करून बसलेलाच आहे.

हेडमास्तरांनी हे सरांना सांगितलं तेव्हा मी तिथंच होतो. ते अगदी काकुळतीला आले होते, गवई, बावा, यंदा नुसतं लेझीम करा. सरांनी मान हलवली. मला वाटलं, चला, अक्कल आली. बाहेर पडल्यावर माझा दंड धरून म्हणाले, मास्तर, बांबूच्या कामट्या किती लागतील? मी विचारलं कशाला, तर म्हणाले, तीन विमानं करायची आहेत. गॅदरिंगला विमानांचा बैलबाजार भरवायचा आहे.

मी त्यांना समजावलं, शिव्या दिल्या, त्यांच्या आईची आठवण दिली. नोकरी गेली तर म्हातारीला पुन्हा नागपूर दाखवणार का, असंही विचारलं. हे शब्द त्यांना लागले, मिशीवरचा हात खाली आला. मग म्हणाले, लेझीम काय, कोणीही करते. मी गेलो तरी पोरं लेझीम शिकतील. पण हे कोण शिकवणार? आणि मग मला विगेनच्या पुढच्या छोट्या पंखांबद्दल सांगू लागले. अशा माणसाशी काय वाद घालायचा? मी कामट्या आणल्या. बांबू, सुतळी, गोणपाट आणि वर पतंगाचा कागद, अशी पोरांच्या उंचीची तीन विमानं उभी केली. सरांनी प्रत्येकाला फेरी मारली, कागदी चाकं दाबून बघितली आणि दोन पंख मला पुन्हा करायला लावले. माझ्या जन्मात मला इतकं कोणी छळलं नाही.

गॅदरिंग दिवस मावळायच्या आत आटपायचं, कारण विजेचा भरवसा नव्हता. मैदानात अख्खं गाव बसलेलं. पुढं सोफ्यावर भाऊसाहेब, शेजारी हेडमास्तर, त्यांचा चेहरा पांढराफटक. भीमनगरातल्या बाया डाव्या बाजूला बसल्या होत्या, त्यात सरांची आई. पडदा उघडला, आणि लेझमाऐवजी माझी तीन विमानं दावणीला बांधलेली, गळ्यात घुंगरमाळा, अंगावर झुली, शिंगांच्या जागी लाल रिबिनी. गाव असं हसलं की मागची पोरं उठून उभी राहिली. प्रत्येक विमानापाशी धोतर नेसलेला, पागोटं घातलेला एकेक विद्यार्थी व्यापारी.

सर कडक इस्त्रीत पुढं आले. म्हणाले, देशाले विमान पाह्यजे. व्यापारी आले आहेत, फ्रान्सचा, स्वीडनचा, अन् इंग्लंडवाला. पैसा सरकारचा म्हणजे तुमचा-आमचा. पण पारख करणारा पाह्यजे. या तालुक्यात पारखी कोण? मैदानातून एकच नाव उठलं. भाऊसाहेब नाही-नाही करत होते, पण बैलबाजार म्हटल्यावर त्यांना बसवेना. उठले, रुमाल सावरला आणि स्टेजवर चढले.

आणि मग ते विसरलेच की हा खेळ आहे. मिराजभोवती फिरले, पाठीवर हात फिरवला, तोंडाशी वाकून विचारलं, दाताले कसा? फ्रान्सचं पोरगं तयारीचं होतं. म्हणालं, मालक, कोवळा हाय, पळाले वाऱ्यासारखा, दिसाले देखणा. इंग्लंडवाल्यानं सांगितलं, आमचा जमिनीला घासून पळतो, दुष्मनाला दिसतच नाही, आणि आम्ही त्याची पैदासही तुमच्याच गोठ्यात करून देऊ. स्वीडनचा व्यापारी म्हणजे आसेगावकडचं एक तरतरीत पोरगं. ते म्हणालं, मालक, माझ्या विमानाला विमानतळ लागत नाही, साध्या सडकेवर उतरते. मागून कोणीतरी ओरडलं, आसेगावच्या सडकेवर उतरवून दाखव बरं. पुन्हा हसण्याचा लोंढा.

भाऊसाहेबांना विगेन आवडलं. त्यांनी त्या पोराला जवळ बोलावलं, खांद्यावरचा रुमाल काढला आणि त्याच्या हातावर टाकला. आमच्याकडं बैलाचा सौदा असाच होतो. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची, भाव सांगायचा तो बोटांनीच, तोंडानं अवाक्षर नाही. बघणाऱ्यांना फक्त रुमाल हलताना दिसतो. पोरगं बाजारात वाढलेलं, त्यानं बोटं दिली. गाव खुशीत बघत होतं. भाऊसाहेब डोळे मिटून बोटं दाबत होते, मान हलवत होते, अगदी रंगले होते.

तेवढ्यात गवई सर बोलले. आवाज मोठा नव्हता.

"भाऊसाहेब, रुमाल काढा."

भाऊसाहेबांनी डोळे उघडले. सर तसेच ताठ उभे होते. म्हणाले, "बैल तुमचा, पैसा तुमचा, तवा रुमाल ठीक हाय. हा पैसा लोकायचा हाय. दिल्लीत असाच मोठा रुमाल टाकतात अन् खाली कोणाची बोटं दाबली जातात ते कोणाले दिसत नाही. इथं तरी काढा."

सालदाराचा पोरगा, तात्पुरता मास्तर, भाऊसाहेबांना अख्ख्या गावापुढं रुमाल काढायला सांगत होता. हेडमास्तरांनी डोळ्यांवर हात घेतला. भीमनगरातल्या बायांमध्ये सरांची आई पदर तोंडाला लावून बसली होती. मला वाटलं, संपलं, उद्या या माणसाचं सामान एसटीवर चढलं.

भाऊसाहेबांनी सरांकडं बघितलं. मग रुमाल ओढून काढला आणि खांद्यावर टाकला. पोराला म्हणाले, बोल रे, मोठ्यानं बोल. इंजिन कोणाचं हाय ते आधी सांग.

त्यांनी ते मुद्दाम विचारलं की सहज, ते मला अजून कळलेलं नाही. पोरानं इमानदारीनं सांगितलं की मालक, अंग आमचं, पण इंजिन मूळ अमेरिकेच्या परवान्याचं आहे, ते विकायचं तर त्यांना विचारावं लागतं. भाऊसाहेब विगेनपासून दोन पावलं मागं सरकले. म्हणाले, बैल तुहा अन् येसण दुसऱ्याच्या हातात, ने तो घरी.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. उघड्यावर भाव करायची भाऊसाहेबांना सवयच नव्हती. ते एक बोलायचे, खालून सोपान माळी दुसरं सुचवायचा, बाया म्हणायच्या, एवढं कशाला, आणखी खाली उतरवा. सगळं गाव खरेदीला बसलं होतं. भाऊसाहेब घामाघूम झाले, पण हटले नाहीत. शेवटी जग्वारपाशी थांबले, कारण इंजिनाचं विचारल्यावर त्या पोरानं सांगितलं की याला दोन इंजिनं आहेत. म्हणाले, हे घेऊ. बाकीच्यायले एकेकच हाय. एका बैलाची गाडी कोणी घेते काय?

एवढ्यावर पडदा पाडावा की नाही? पण गवई सरांचं मन मिराजवर होतं आणि विमानाच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. तिथंच, स्टेजवर, त्यांनी आपल्या अध्यक्षांना सांगितलं की तुमची निवड चुकली. दोन इंजिनं म्हणजे दुप्पट दुरुस्ती, आणि याचा जोर कमी आहे, मिराज पळण्यात याला ऐकत नाही.

भाऊसाहेब म्हणाले, "मास्तर, दोन बैलांतला एक बसला तं दुसरा गाडी घरापावतर ओढते. एकटाच असला अन् बसला, तं मालकच बैल होते."

गावानं टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. सर काहीतरी सांगत होते, कोणी ऐकलं नाही.

त्या दिवशी वाटलं होतं की जिंकलो. पण पुढच्याच आठवड्यात भाऊसाहेब वाशीमच्या बैलबाजारात गेले, आणि व्यापाऱ्यानं हात पुढं करून विचारलं, रुमाल टाकता की काढता? सारा बाजार हसला म्हणे. मंगरूळपीरकडं गेले, तिथंही तेच. त्यांनी शाळेत येणं बंद केलं. उन्हाळ्यात संस्थेची बैठक झाली आणि सरांना हुकूम आला की दिवाळीपर्यंत काम करा, पुढचं पुढं बघू. पुढचं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. मेव्हण्याचा मुलगा येऊन वर्ग बघूनही गेला. सरांच्या जुन्या सोबत्यानं नागपूरला एका कारखान्यात पहारेकऱ्याची जागा सांगितली होती. सर तिचा विषय काढत नसत. फक्त संध्याकाळी मैदानात पोरं गेल्यावरही बराच वेळ उभे राहत. एकदा मी विचारलं, आई काय म्हणते? म्हणाले, ती म्हणते तू जाय, मी राह्यते. एवढंच बोलले आणि सायकलला फेरी मारायला लागले.

पोळ्याच्या सुमारास पेपरात आलं की अमेरिकेनं विगेनच्या इंजिनाला नकार दिला, भारताला ते विकता येणार नाही. तो पेपर घेऊन सर गावभर फिरले. सोपानला वाचून दाखवला, हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला, पोळ्याच्या मिरवणुकीत खाटकापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं, बघा, इंजिन कोणाचं? मी म्हटलं, सर, नोकरी चालली आणि तुम्ही कशानं खूश? तर म्हणाले, आता हे गाव तरी फसणार नाही.

आणि मग, अठ्ठ्याहत्तर साली, दिवाळीच्या जरा आधी, आम्ही चहाच्या हॉटेलात बसलेलो असताना रेडिओवर बातमी आली. सरकारनं विमान ठरवलं. जग्वार. काही बाहेरून येणार, बाकीची आपल्याच कारखान्यात बनणार. हॉटेलात आधी कोणाला समजलंच नाही. मग सोपान माळी उठला आणि ओरडला, अरे, हे तं आपलं. आपण घेतलेलं. बघता बघता ही बातमी अनसिंगच्या एकेका घरात गेली, की दिल्लीनं शेवटी आपल्या भाऊसाहेबांच्या पसंतीचं विमान घेतलं. दिल्लीची कारणं वेगळी असतील, माझी ना नाही. पण त्या दिवशी गावात हे बोलायची कोणाची छाती नव्हती. गवई सर मात्र कपाळाला आठ्या घालून बसले होते. आपल्याकडं बनणार हे ऐकून डोळे भरले होते त्यांचे, पण तोंडानं म्हणाले, मिराजच पाह्यजे होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेसमोर भाऊसाहेबांची दमणी येऊन थांबली. ही त्यांची दोन बैलांची, रंगीत छताची गाडी, लग्नाकार्यातच निघायची. मागं ताशावाले, सोपान माळी आणि अर्धा बाजार. भाऊसाहेब स्वतः कासरा धरून बसले होते. वाशीमचे व्यापारी सकाळीच येऊन त्यांना हार घालून गेले होते, तो अजून गळ्यात होता. हेडमास्तर धावले. भाऊसाहेबांनी त्यांना हातानं थांबवलं आणि विचारलं, गवई मास्तर कुठं हायत?

सर मैदानातून आले. सगळी शाळा खिडक्यांत लटकलेली. भाऊसाहेब म्हणाले, "काय मास्तर, झाली का नाही आमची पारख खरी?"

एक हो म्हणायचं होतं. नुसतं हो. मी मनात सगळ्या देवांना साकडं घातलं की या माणसाच्या जिभेला आजच्या दिवस कुलूप लावा. सर अटेन्शनमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "पारख चांगली होती. पण मिराज अधिक चांगलं होतं."

ताशा थांबला. भाऊसाहेबांनी कासरा खाली ठेवला. आणि मग ते हसले. असे हसले की बैल बिचकले. हेडमास्तरांकडं वळून म्हणाले, "याले कायम करा. माह्या तोंडावर नाही म्हणणारा एक तरी माणूस या शाळेत पाह्यजे. मेव्हण्याले मी सांगतो."

मी खोटं कशाला सांगू, मी रडलो. ड्रॉइंगच्या वर्गात जाऊन, दार लावून, पोरांसारखा रडलो. बाहेर ताशा पुन्हा सुरू झाला होता, म्हणून धावत बाहेर आलो. भाऊसाहेब सरांना म्हणत होते, बसा. आणि सर, सांगायलाच नको, दमणीला फेरी मारत होते. चाकाची खीळ दाबून बघितली, जू हलवून बघितलं. भाऊसाहेब वाट बघत बसले. तेवढं झाल्यावर सर चढले आणि त्यांच्या शेजारी बसले.

दमणी बाजारपेठेतून निघाली. ज्या रस्त्यानं सरांचे वडील याच घरच्या बैलांमागं अनवाणी चालले, त्याच रस्त्यानं हे दोघं शेजारी बसून, हातवारे करत, कडाकडा भांडत चालले होते. लोक दोन्ही बाजूंनी फुलं टाकत होते, पोरं मागं धावत होती. भाऊसाहेबांच्या वाड्याशी गाडी थांबेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती थांबली नाही. भाऊसाहेबांनी बैल वळवले ते भीमनगराकडं. मीही ताशाच्या मागं तिथवर गेलो.

सरांची आई दारात उभी होती. कोणीतरी आधीच धावत येऊन तिला बातमी दिली होती. ती रडली नाही की काही नाही. तिनं आधी पोराकडं बघितलं, मग भाऊसाहेबांकडं. तिच्या नवऱ्यानं ज्यांच्या घरी जन्म काढला, त्यांच्या घरच्या माणसानं आजवर या नगरात पाण्याचा थेंब घेतला नव्हता, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

म्हणाली, "भाऊसाहेब, उतरा. च्या मांडला हाय."

ताशा आपोआप बंद झाला. भाऊसाहेबांनी गळ्यातला हार काढून ठेवला आणि खाली उतरले. अंगणातल्या बाजेवर बसले. म्हातारीनं कप दिला, तो दोन्ही हातांनी घेतला आणि फुंकर घालून प्यायला लागले. शेजारी उभे राहून गवई सर त्यांना मिराजच्या पंखाबद्दल सांगतच होते.